जाळें कोठें अडलें? राउटरची परीक्षा व त्यावरील वाहतुकीची नोंद

विद्यार्थ्यांचे पाठ, परीक्षेचे अर्ज, परीक्षेचा निकाल, वडिलांचें कचेरीचें काम, परगांवच्या आजीशीं होणारें संभाषण, वाण्यास द्यावयाचे पैसे, हें सर्व आज पुष्कळ घरीं भिंतीवर टांगलेल्या एका लहानशा पेटींतून ये-जा करीत असतें. ती पेटी म्हणजे राउटर. ती नीट चालते तोंवर तिच्याकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. ती अडली म्हणजे मात्र घरांत दोन गोष्टी घडतात. पहिली ही कीं, कोणीतरी धांवत जाऊन तिचें बटण बंद करतो व पुन्हां चालू करतो. दुसरी ही कीं, कोणावर तरी आरोप होतो आणि तो बहुधा घरांतील सर्वांत लहान माणसावर होतो. "तूंच चित्रपट पाहत बसली असशील, म्हणून माझें काम अडलें!" हें वाक्य किती मुलामुलींनीं ऐकलें असेल याची गणती नाहीं.

या दोन्ही गोष्टींत उणीव एकच आहे, ती चौकशीची. बटण बंद-चालू केल्यानें कधीं कधीं काम भागतें. पण बिघाड काय होता हें कळत नाहीं आणि चार दिवसांनीं तो पुन्हां उभा राहतो. आरोपानें तर कांहींच सुधारत नाहीं, उलट एखाद्या निरपराध्याचें मन मात्र दुखावतें. म्हणून जाळें अडलें असतां चौकशी कशी करावी आणि राउटरवरून होणारी वाहतूक कशी मोजावी, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सोप्या रीतीनें सांगावें असें आम्हीं योजिलें आहे. या कामास फार मोठी विद्या लागत नाहीं. कागद, पेन्सिल, घड्याळ आणि थोडा धीर एवढें साहित्य पुरे आहे.

राउटर काय करतो?

आपला संदेश जाळ्यांतून जातो तो एकसंध जात नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे पाडले जातात. या तुकड्यास आपण पाकीट म्हणूं. एका पाकिटांत साधारणतः १५०० बाइटांपर्यंत मजकूर मावतो, आणि प्रत्येकावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता आंकड्यांनीं लिहिलेला असतो. एका छायाचित्रासाठीं अशीं शेंकडों, प्रसंगीं हजारों पाकिटें निघतात आणि मुक्कामीं पोहोंचल्यावर पुन्हां क्रमानें जुळविलीं जातात. ही कल्पना १९६० च्या दशकांत अमेरिकेंत पॉल बॅरन यांनीं व इंग्लंडांत डोनाल्ड डेव्हिस यांनीं एकमेकांपासून स्वतंत्रपणें मांडली. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं आर्पानेट नांवाच्या जाळ्यावरून पहिला संदेश गेला. आणि भारतांत सर्वसामान्य लोकांकरितां इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजीं खुलें झालें.

राउटरचें काम टपाल कचेरींत पत्रें निवडणाऱ्या कारकुनासारखें आहे. पाकिटावरील पत्ता वाचावयाचा आणि तें कोणत्या दारानें बाहेर धाडावयाचें तें ठरवावयाचें, एवढेंच तो जाणतो. मुंबईहून लंडनपर्यंतचा सारा रस्ता कोणत्याहि एका राउटरास ठाऊक असावा लागत नाहीं. पुढचा मुक्काम कोणता एवढें ठाऊक असलें म्हणजे पुरतें.

घरांतील राउटरवर आणखी दोन कामें असतात. घरांतील प्रत्येक यंत्रास तो स्वतः पत्ता वांटून देतो. हे पत्ते बहुधा १९२.१६८ या आंकड्यांनीं सुरू होतात. असे कांहीं आंकडे खाजगी उपयोगाकरितां राखून ठेवलेले आहेत. घराबाहेर ते चालत नाहींत. बाहेरच्या जगास साऱ्या घराचा एकच पत्ता दिसतो, जसा एखाद्या वाड्यास दिंडीदरवाजा एकच असावा आणि आंत बिऱ्हाडें अनेक असावीं. कोणत्या बिऱ्हाडानें कोणास पत्र धाडलें याची वही राउटर ठेवतो, म्हणूनच आलेलें उत्तर ज्याचें त्यास मिळतें. ही वही पुढें आपल्या उपयोगीं पडणार आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

जवळून दूर जावें

चौकशीचा नियम एकच. ती आपल्या जवळून सुरू करावी आणि एकेक पायरी दूर जावें. घरांत दिवा लागला नाहीं तर आपण प्रथम बल्ब पाहतों, मग बटण, मग फ्यूज, आणि सर्वांत शेवटीं वीजकंपनीस कळवितों. जाळ्याचेंहि तसेंच आहे.

पहिली पायरी प्रश्नांची. एकाच यंत्रावर अडचण आहे कीं सर्वांवर? एकाच खोलींत आहे कीं सर्व घरांत? एकाच संकेतस्थळास आहे कीं सर्वांस? आईच्या फोनवर सर्व ठीक चालत असेल आणि आपल्याच संगणकावर चालत नसेल, तर राउटरास दोष देण्यांत अर्थ नाहीं. एकच संकेतस्थळ उघडत नसेल व बाकीचीं उघडत असतील, तर दोष बहुधा त्या स्थळाचाच असतो. निकालाच्या दिवशीं लाखों विद्यार्थी एकाच दाराशीं एकदम येतात, तेव्हां असें घडतें. अशा वेळीं घरांतील पेटी दहा वेळां बंद-चालू करून कांहींहि लाभ नाहीं.

दुसरी पायरी दिव्यांची व तारांची. राउटरवरील लहान दिवे शोभेचे नसतात. विजेचा दिवा लागला आहे काय? बाहेरून येणाऱ्या तारेचा दिवा कोणत्या रंगाचा आहे? हल्लीं पुष्कळ घरीं कांचेच्या तंतूची तार येते व तिच्यांतून प्रकाश वाहतो. अशा पेटीवर 'एल्. ओ. एस्.' हीं अक्षरें लिहिलेला दिवा तांबडा झाला, तर प्रकाश पेटीपर्यंत येत नाहीं असें समजावें. ही तार खिळ्याभोंवतीं तीव्र वळणानें गुंडाळली अथवा कपाटाखालीं दबली तरी प्रकाश वाटेंतच निसटतो. पेटी बंद करावयाचीच असेल तर तिजवरील दिवे आधीं कागदावर लिहून घ्यावे; कारण बंद केल्यावर तो पुरावा नाहींसा होतो. पेटीच्या मागें एक बारीक भोंक असतें, त्यांत टाचणी घालून दाबूं नये. त्यानें पेटींतील सर्व मांडणी पुसली जाते आणि लहान दुखण्याचें मोठें दुखणें होतें.

तिसरी पायरी पत्त्याची. विंडोज संगणकावर शोधपट्टींत 'सीएमडी' हीं अक्षरें रोमन लिपींत लिहिलीं असतां एक काळी खिडकी उघडते. तींत 'आयपीकॉन्फिग' हा शब्द त्याच लिपींत लिहिल्यास आपल्या यंत्राचा पत्ता दिसतो, आणि 'डिफॉल्ट गेटवे' या नांवापुढें राउटरचा पत्ता दिसतो. आपल्या यंत्राचा पत्ता १६९.२५४ या आंकड्यांनीं सुरू होत असेल, तर राउटरकडून त्यास पत्ता मिळालाच नाहीं व त्यानें आपल्याच मनानें एक पत्ता घेतला, असें जाणावें. म्हणजे संगणक व राउटर यांची गांठच पडलेली नाहीं. शोध येथेंच थांबवून तार किंवा वायफायचा पासवर्ड तपासावा.

चौथी पायरी हांक मारण्याची. तिचें साधन 'पिंग' हें आहे. डिसेंबर १९८३ मध्यें अमेरिकन सैन्याच्या एका संशोधन प्रयोगशाळेंत काम करणारे माइक म्यूस यांस जाळ्यांत कांहीं विचित्र वर्तन आढळलें. त्याचा छडा लावण्याकरितां त्यांनीं एका संध्याकाळीं हा छोटा कार्यक्रम लिहिला. पाणबुडीचा शोध घेणारें यंत्र पाण्यांत ध्वनि सोडतें व त्याचा प्रतिध्वनि ऐकतें. त्या ध्वनीवरूनच हें नांव पडलें. आपण एक लहान पाकीट पाठवावयाचें, पलीकडच्या यंत्रानें तें परत करावयाचें, आणि मध्यें किती वेळ गेला तो मोजावयाचा. हा वेळ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत सांगितला जातो.

काळ्या खिडकींत 'पिंग' हा शब्द, मग मोकळी जागा, मग राउटरचा पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१, असें लिहावें. विंडोज संगणक चार हांका मारतो. तारेनें जोडलेल्या यंत्रास उत्तर बहुधा एका मिलिसेकंदाच्या आंतबाहेर येतें, वायफायवर थोडे अधिक मिलिसेकंद लागतात. येथेंच उत्तरें हरवूं लागलीं, किंवा एकदां ३ व एकदां ३०० असे आंकडे येऊं लागले, तर दोष घरांतच आहे. कंपनीस बोल लावूं नये. वायफायच्या लहरी दोन मुख्य पट्ट्यांत चालतात. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंतीपलीकडे बरी पोहोंचते, पण तींत शेजाऱ्यांची गर्दी फार, आणि स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टीहि त्याच पट्टींत गोंगाट करते. ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान, पण जाड भिंतीपुढें ती लवकर थकते. राउटर कपाटांत कोंडूं नये, लोखंडी कपाटामागें वा पाण्याच्या टाकीजवळ ठेवूं नये. घराच्या मध्यभागीं, थोडा उंचावर ठेवावा.

पांचवी पायरी घराबाहेरची. आतां त्याच रीतीनें ८.८.८.८ किंवा १.१.१.१ या सार्वजनिक पत्त्यांस हांक मारावी. राउटर उत्तर देतो, पण हे पत्ते देत नाहींत, तर दोष बहुधा दाराबाहेर आहे असें समजावें. हे पत्ते उत्तर देतात, पण एखाद्या स्थळास त्याच्या नांवानें हांक मारतांच यंत्र "असें नांव सांपडत नाहीं" म्हणतें, तर रस्ता शाबूत आहे, बिघडली आहे ती नांवांची नोंदवही. नांवावरून आंकडी पत्ता सांगणारी ही व्यवस्था १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं रचली. तिला डीएनएस म्हणतात. राउटरच्या मांडणींत दुसऱ्या नोंदवहीचा पत्ता घातला असतां हा दोष पुष्कळदां तत्काळ दूर होतो.

सहावी पायरी रस्त्याच्या नकाशाची. प्रत्येक पाकिटावर एक लहान आंकडा असतो. वाटेंतील प्रत्येक राउटर त्यांतून एक वजा करतो, आणि तो शून्य झाला कीं पाकीट टाकून देऊन पाठविणाऱ्यास तसें कळवितो. रस्ता चुकलेलीं पाकिटें जन्मभर भ्रमत राहूं नयेत म्हणून ही योजना आहे. व्हॅन जेकबसन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिचा मोठ्या युक्तीनें उपयोग केला. पहिलें पाकीट १ हा आंकडा घालून पाठवावें, म्हणजे पहिला राउटर आपलें नांव सांगतो. मग २ घालून, मग ३ घालून. अशा रीतीनें वाटेंतील एकेक मुक्काम स्वतःच्या तोंडानें आपला पत्ता देतो. या साधनाचें नांव 'ट्रेसराउट'. विंडोजवर त्यास 'ट्रेसर्ट' म्हणतात. मात्र येथें एक सावधगिरी हवी. मधल्याच एखाद्या मुक्कामापुढें उत्तराऐवजीं फुल्या दिसल्या, पण त्यापुढचे मुक्काम नीट उत्तर देत असले, तर तो दोष नव्हे. कांहीं राउटर अशा हांकांस उत्तर देण्याचें नाकारतात इतकेंच. एखाद्या मुक्कामापासून थेट शेवटपर्यंत पाकिटें हरवत असतील, तरच तेथें कांहीं बिघडलें असें मानावें.

कधीं कधीं बिघाड फार दूरचा असतो. ३० जानेवारी २००८ रोजीं ईजिप्तांतील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रांतील तारा तुटल्या, आणि त्याचा परिणाम हजारों कोस दूर भारतांतील कचेऱ्यांस भोगावा लागला. अशा दिवशीं घरांतल्या घरांत कोणास बोल लावणें किती व्यर्थ आहे!

दूरच्या उत्तरास वेळ लागतो तो सर्वच दोषामुळें लागतो असें नाहीं. विद्यार्थ्यांनीं हें गणित करून पाहावें. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन १४,४००. भागाकार केला असतां ७२ मिलिसेकंद येतात. तार सरळ रेषेंत टाकलेली नसते, म्हणून प्रत्यक्षांत याहून अधिकच वेळ लागतो. लंडनचें उत्तर वीस मिलिसेकंदांत आणून देऊं असें कोणी म्हणेल, तर तो सृष्टीच्या नियमाविरुद्ध बोलतो असें खुशाल समजावें.

तार शाबूत, पण गति मंद

येथपर्यंत तुटलेल्या जाळ्याचा विचार झाला. पण घरांत कलह होतो तो बहुधा जाळें तुटलें म्हणून नव्हे, तर तें मंदावलें म्हणून. हांकेस उत्तर येतें, दिवे हिरवे असतात, आणि तरीहि बोलणें अडखळतें, चित्र थिजतें. हा प्रकार समजण्यास ऑक्टोबर १९८६ मधील एक प्रसंग फार उपयोगी आहे.

कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचें विद्यापीठ यांत अंतर अवघें ४०० यार्डांचें. त्यांमधील मार्गावरून दर सेकंदास ३२,००० बिट जात असत. एके दिवशीं तो वेग एकाएकीं ४० बिटांवर आला, म्हणजे आठशेंवा हिस्सा उरला. तार तुटली नव्हती. पलीकडे चालत जाऊन कागद हातीं देणें त्याहून लवकर झालें असतें! वर सांगितलेले जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनीं कारण शोधून काढलें व १९८८ सालीं प्रसिद्ध केलें. गर्दीमुळें पोंच उशिरां येत होती. पाठविणारें यंत्र समजे कीं पाकीट हरवलें, म्हणून तें तेंच पाकीट पुन्हां पाठवी. असें प्रत्येक यंत्र करूं लागल्यानें गर्दी आणखी वाढे, पोंच आणखी उशिरां येई, आणि पुन्हां पाठविलेल्या पाकिटांनींच सारा मार्ग भरून जाई. घाटांत गाड्या अडकल्या असतां जो तो मिळेल त्या फटींत आपली गाडी घुसवितो आणि मग कोणासच हलतां येत नाहीं, तशीच ही अवस्था.

त्यावर त्यांनीं सुचविलेला उपाय ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. प्रत्येक यंत्रानें आरंभ हळू करावा, वाट मोकळी दिसली तर वेग थोडाथोडा वाढवावा, आणि पाकीट हरवल्याची खूण दिसतांच आपला वेग झटकन् कमी करावा. जाळ्यावर कोणी कोतवाल बसविला नाहीं. प्रत्येकानें स्वतःस आवर घालावा एवढाच नियम केला. आजचें इंटरनेट कोट्यवधि यंत्रांचें ओझें सोसून उभें आहे, त्यांत या संयमाच्या नियमाचा वांटा फार मोठा आहे.

पुढें निराळेंच संकट आलें. पाकिटें क्षणभर थांबवून ठेवण्याकरितां राउटरांत एक रांग असते. स्मरणसाधनें स्वस्त झालीं तेव्हां कारखानदारांनीं ही रांग फार लांब केली. एकहि पाकीट टाकावें लागूं नये हा हेतु चांगलाच होता. परंतु पाकीट हरवत नाहीं म्हणून पाठविणाऱ्यास गर्दीची खूण मिळत नाहीं, आणि खूण मिळत नाहीं म्हणून तो वेग कमी करीत नाहीं. रांग भरलेलीच राहते, आणि तींत मागें उभ्या राहिलेल्या प्रत्येक पाकिटास ताटकळावें लागतें. जिम गेटिस नांवाच्या अमेरिकन अभियंत्यास २०१० सालीं स्वतःच्या घरीं मोठ्या फाइली पाठवीत असतां हा दोष आढळला. हांकेचें उत्तर येण्यास एका सेकंदाहून अधिक वेळ लागूं लागला होता. या दोषास त्यांनीं 'बफरब्लोट' हें नांव दिलें. मराठींत त्यास रांगेची सूज म्हणावें. २०१२ सालीं कॅथलीन निकल्स व तेच जेकबसन यांनीं त्यावर औषध सुचविलें. रांग किती लांब आहे हें न पाहतां पाकीट तींत किती वेळ तिष्ठलें तें पाहावें, आणि फार वेळ तिष्ठूं लागलें कीं कांहीं पाकिटें टाकून द्यावीं, म्हणजे पाठविणारा शुद्धीवर येतो.

वाहतुकीची नोंद

आतां आरंभीं सांगितलेल्या आरोपाकडे वळूं. समजा, एका घरीं वर जाणारा, म्हणजे घरांतून बाहेर पाठविण्याचा मार्ग सेकंदास १० मेगाबिटांचा आहे. सायंकाळीं सातास वडील कामावरून येतात, फोन विजेस लावून ठेवतात आणि संगणकावर कचेरीची सभा उघडतात. बोलणें तुटूं लागतें. शेजारच्या खोलींत दहावींतील मुलगी आपला पाठ पाहत आहे. दोष कोणाचा? संशय मुलीवर जातो, कारण ती समोर दिसते.

परंतु राउटरची वही निराळें सांगते. राउटरचा पत्ता ब्राउझरमध्यें लिहिला व त्याचा पासवर्ड दिला म्हणजे जोडलेल्या यंत्रांची यादी उघडते. पुष्कळ राउटरांत प्रत्येक यंत्रानें किती घेतलें व किती पाठविलें याचेहि आंकडे असतात. मुलीचें यंत्र सेकंदास २ मेगाबिट घेत आहे, पाठवीत आहे जवळजवळ कांहींच नाहीं. उलट वर जाणारा सबंध १० मेगाबिटांचा मार्ग एका फोननें व्यापला आहे, आणि तो फोन वडिलांचा आहे! घरचें वायफाय मिळतांच त्यानें लग्नसमारंभाचीं चलच्चित्रें आपण होऊन दूरच्या साठवणींत धाडण्यास आरंभ केला आहे. २ गिगाबाइट म्हणजे १६,००० मेगाबिट. सेकंदास १० प्रमाणें त्यास १,६०० सेकंद, म्हणजे सुमारें सत्तावीस मिनिटें लागणार. तेवढा वेळ वडिलांचे शब्द त्यांच्याच चित्रांमागें रांगेंत उभे राहणार. मुलीचा यांत कांहींच दोष नाहीं.

येथें आंकड्यांविषयीं एक सूचना. वेग बिटांत सांगतात, सांठा बाइटांत. आणि एका बाइटांत आठ बिट असतात. १०० मेगाबिटांची जोडणी सेकंदास १२.५ मेगाबाइट आणते, १०० नव्हे. हें न जाणल्यामुळें कंपनीनें फसविलें असा पुष्कळांचा उगाच समज होतो.

रांगेची सूज आपल्या घरीं आहे कीं नाहीं हें ओळखण्याची रीत सोपी आहे. सर्व शांत असतां बाहेरच्या पत्त्यास वीस हांका माराव्या व वेळ लिहून घ्यावा. मग एखादी मोठी फाइल पाठविण्यास लावून पुन्हां वीस हांका माराव्या. पहिल्यानें ३० मिलिसेकंद आले व दुसऱ्यानें ७०० आले, तर निदान झालें. उपाय दोन आहेत. चित्रांची साठवण रात्रीं सर्व निजल्यावर होईल असें ठरवावें. आणि राउटरांत रांगेचें नियमन करण्याची सोय असल्यास ती चालू करून वेगाची मर्यादा प्रत्यक्ष वेगाहून किंचित् कमी ठेवावी. अधिक पैसे भरून मोठा वेग घेण्यापूर्वीं या दोन गोष्टी अवश्य करून पाहाव्या.

नोंद एका दिवसाची पुरत नाहीं. आठवडाभर सकाळीं, दुपारीं व रात्रीं नवास, अशी तीन वेळां हांक मारून आंकडे वहींत लिहावे. १९९० च्या दशकाच्या मध्यास तोबियास ओटिकर नांवाचे एक तरुण अभियंते ज्या ठिकाणीं काम करीत, तेथें साऱ्या संस्थेस बाहेरच्या जगाशीं जोडणारी ६४ किलोबिटांची एकच तार होती. ती किती भरली आहे हें जाणण्याची सर्वांसच उत्कंठा. त्यांनीं दर पांच मिनिटांनीं राउटरचे आंकडे वाचून आलेख काढणारा कार्यक्रम लिहिला व तो आलेख सर्वांस पाहतां येईल असा ठेवला. 'एम्. आर्. टी. जी.' या नांवानें तो पुढें जगभर पसरला. आलेख सर्वांपुढें असला म्हणजे कुजबुज व संशय आपोआप कमी होतात.

पाहणें आणि पाळत ठेवणें

पालकांस येथें दोन शब्द सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. राउटरच्या नोंदीवरून कोणत्या यंत्रानें किती वाहतूक केली हें कळतें, आणि पुष्कळदां कोणत्या स्थळाशीं केली हेंहि कळतें. पण आज बहुतेक संकेतस्थळांचा मजकूर कुलूपबंद होऊन जातो. त्यामुळें आंत काय लिहिलें होतें हें राउटरास वाचतां येत नाहीं. म्हणून या नोंदीवरून मुलांच्या मनाची परीक्षा करूं जाणें चुकीचें ठरेल. नोंद ठेवावयाची असेल तर मुलांस आधीं सांगावें, आणि मोठ्यांचीं यंत्रेंहि त्याच यादींत असावीं. चोरून पाळत ठेवल्यानें राउटरची माहिती मिळेल, पण मुलांचा विश्वास जाईल. आणि तो पुन्हां चालू करण्यास कोणतेंहि बटण नाहीं.

एका बाबतींत मात्र दक्षता हवीच. यादींत आपल्या ओळखीचें नसलेलें यंत्र दिसलें, तर वायफायचा पासवर्ड बदलावा. राउटरच्या मांडणीचा पासवर्ड कारखान्यांतून आला तसाच ठेवूं नये. २०१६ सालीं 'मिराई' नांवाच्या दुष्ट कार्यक्रमानें कारखान्याचेच पासवर्ड असलेले असंख्य कॅमेरे व राउटर आपल्या ताब्यांत घेतले, आणि २१ ऑक्टोबर रोजीं त्यांच्याकरवीं डिन या कंपनीच्या नांवांच्या नोंदवहीवर एकदम इतकी गर्दी केली कीं, अमेरिकेंतील लक्षावधि लोकांस मोठमोठीं संकेतस्थळें उघडेनात. त्या यंत्रांच्या धन्यांस आपली पेटी कोणत्या कामीं लागली आहे याचा पत्ताहि नव्हता. ज्याच्या घरीं वाहतुकीची नोंद असते, त्यास मध्यरात्रीं कारण नसतां चाललेली वाहतूक दिसते.

तक्रार कशी लिहावी?

चौकशीअंतीं दोष बाहेरचा ठरला तर कंपनीस कळवावें. पण "नेट चालत नाहीं" एवढेंच लिहूं नये. तारेवर काम करणारा मनुष्य पुष्कळ घरें फिरत असतो. त्यास नेमकी माहिती दिली तर त्याचे कष्ट वांचतात व आपलें काम लवकर होतें. पुढील नमुना पाहावा: "राउटरपर्यंत तारेनें उत्तर १ मिलिसेकंदांत येतें, एकहि हांक वायां जात नाहीं. बाहेरच्या पत्त्यास रात्रीं आठ ते दहा या वेळांत शंभरांपैकीं तीस हांकांस उत्तर येत नाहीं. सकाळीं सर्व येतात. आठ दिवसांची नोंद सोबत आहे. पेटीवरील तांबडा दिवा लागत नाहीं." या चार ओळींत घरचा दोष नाहीं, तार तुटलेली नाहीं, आणि गर्दीच्या वेळींच अडचण येते, हीं तिन्ही गोष्टी सिद्ध होतात. असें पत्र टाळणें कोणासहि कठीण जाईल.

विद्यार्थिमित्रहो, या सुट्टींत आपल्या घरच्या राउटरची अशी एक आठवड्याची वही तयार करा. पालकांची अनुमति घ्या, यंत्रांची यादी करा, दिवसांतून तीन वेळां हांक मारा, आणि आलेले आंकडे चौकटीच्या कागदावर मांडा. प्रयोगशाळेंत जी शिस्त तुम्ही शिकतां तीच येथें उपयोगीं पडेल: आधीं पाहणें, मग मोजणें, मग लिहिणें, आणि या तिहींनंतरच दोष कोणाचा तें बोलणें. जाळें पुन्हां कधीं अडलें आणि घरांत कोणी कोणाकडे बोट दाखवूं लागलें, तर ती वही पुढें करा.